पेट्यांच्या गावात शोधाशोध



आम्ही दोघे सध्या ओमान देशातल्या सलालाह या गावी मुक्कामाला आहोत. लेक आणि जावई नोकरीनिमित्त इथे असतात, म्हणून आम्हीही. "तुमची मुलगी तिथे नक्की काय काम करते?" असे फोनवर पुष्कळ जणांनी विचारले. "कॉम्प्युटरचं" एवढेच आम्ही आजवर सांगत आलो. या मुक्कामात मात्र रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसून समजून घेतले, आणि समजले तेवढे इथे लिहीत आहोत. आजी-आजोबांना वाटेल, या वयात हे कशाला? पण जरा धीर धरून वाचा. गोष्ट डब्यांची आहे, पाककृतीची आहे आणि आपल्या आडनावांचीही आहे. मुलांना तर ती आमच्याआधी समजेल.

आधी गावाबद्दल. सलालाह हे ओमानच्या दक्षिणेला, धोफार प्रांतात, अरबी समुद्राच्या काठी आहे. कोकणच्या किनाऱ्यावरून पश्चिमेकडे बोट हाकली तर पलीकडचा काठ साधारण हाच. जून सरता सरता इथे धुके उतरते, रिमझिम सुरू होते आणि एरवी तपकिरी दिसणारे डोंगर हिरवेगार होतात. सप्टेंबरपर्यंत हे चालते. आखातातल्या तापलेल्या शहरांतून माणसे मुद्दाम पाऊस बघायला इथे येतात. या हंगामाला इथे 'खरीफ' म्हणतात. आपल्याकडच्या शेतकऱ्याचा 'खरीप' तो हाच शब्द. रस्त्याच्या कडेला शहाळी, केळी, पपई विकायला मांडलेली असतात. ती पाहिली की अलिबाग-रेवदंड्याची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

गावाच्या पश्चिमेला रेसुत येथे मोठे बंदर आहे. तिथले कंटेनर टर्मिनल 1998 सालच्या नोव्हेंबरात सुरू झाले. आशिया आणि युरोप यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्या बोटींच्या वाटेवरच हे ठिकाण पडते. म्हणून इथे गंमत अशी, की उतरणाऱ्या बहुतेक पेट्या ओमानसाठी नसतातच. एका बोटीतून उतरायचे, यार्डात थांबायचे, दुसऱ्या बोटीत चढायचे आणि पुढे जायचे. हे खरोखर पेट्यांचे गाव आहे, आणि पेट्या म्हटले की आमच्यापैकी एकाला राहवत नाही, कारण त्याची सगळी नोकरी मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क म्हणून गेली. दुसरीची नोकरी ठाण्याला एका ग्रंथालयात, कार्डांच्या खणांपाशी. त्यामुळे लेकीचे काम समजून घेताना एकाला पेट्या ओळखीच्या वाटल्या आणि दुसरीला यादी.

टॅली क्लार्कचे काम तरुण मंडळींना ठाऊक नसेल. पेटी उघडायची नाही. फक्त तिचा क्रमांक, तिचे सील आणि हातातला कागद या तीन गोष्टी जुळतात की नाही ते बघायचे. प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरे आणि सात आकडे असतात. पहिली तीन अक्षरे मालकाची ओळख. चौथे अक्षर पेटीचा प्रकार सांगते. मग सहा आकडे पेटीचे, आणि शेवटचा एक आकडा ताळ्याचा. आधीच्या सगळ्या अक्षरा-आकड्यांवरून हिशेब करून तो काढलेला असतो. क्रमांक लिहून घेताना कुठे आकडा चुकला, तर हा शेवटचा आकडा बहुतेक वेळा चुगली करतो. आत सुती कापड असो की यंत्राचे भाग, बाहेरची ओळख चोख असलीच पाहिजे.

या पेट्यांचा जन्म तसा अलीकडचा. 26 एप्रिल 1956 रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांच्या 'आयडियल एक्स' नावाच्या बोटीने 58 पेट्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेल्या. त्याआधी गोणी गोणी, खोका खोका हमालाच्या पाठीवरून चढायचा आणि उतरायचा. एकाच मापाची पेटी आल्यावर क्रेनला आतल्या मालाशी देणे-घेणे उरले नाही.

आता कॉम्प्युटरकडे वळू. एखादा प्रोग्राम चालायला नुसता तो पुरत नाही. त्याला अमुक भाषेची अमुक आवृत्ती लागते, सोबत आणखी दहा-वीस मदतनीस फाइली लागतात. एका मशीनवर छान चालणारा प्रोग्राम दुसऱ्या मशीनवर रुसून बसतो. तेव्हा कॉम्प्युटरवाल्यांनी गोदीची युक्ती उचलली. प्रोग्राम आणि त्याला लागणारे सगळे सामान एकाच पेटीत भरून टाकायचे. या पेटीलाही ते कंटेनरच म्हणतात. 2013 सालच्या मार्चमध्ये सॉलोमन हाइक्स यांनी 'डॉकर' नावाचे साधन लोकांपुढे मांडले आणि या पेट्या सर्वांच्या हाती आल्या. 'डॉकर' म्हणजे गोदी कामगार! लेकीने हे सांगितले तेव्हा गोदीतल्या माणसाची कॉलर ताठ झाली.

पेट्या दोन-चार असतील तर माणूस सांभाळील. शेकडो झाल्या की यार्डावर कुणी सुपरवायझर हवा. कोणती पेटी कोणत्या मशीनवर ठेवायची, एक बंद पडली तर तिच्या जागी दुसरी कशी उभी करायची, हे बघणारा. 2014 साली गूगलने असा एक सुपरवायझर जाहीर केला आणि त्याचे नाव ठेवले 'कुबरनेटीस'. हा शब्द ग्रीक. अर्थ, बोटीचे सुकाणू धरणारा. त्याच्या चिन्हातही सात आऱ्यांचे सुकाणूचे चाक आहे. इस्रायलमधल्या वाचकांना हा शब्द कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला ना? बरोबर. हिब्रूत बोटीच्या कप्तानाला 'कबार्नीत' म्हणतात, तो याच ग्रीक शब्दाचा भाऊ. आणि आपला मराठी 'सुकाणू'? तो अरबी 'सुक्कान'चा. समुद्रावरचे शब्द पासपोर्ट न दाखवता फिरत असतात.

या सुपरवायझरच्या हाताखाली 'हेल्म' नावाचे एक साधन आहे. हेल्म म्हणजे इंग्रजीत पुन्हा सुकाणूच. ते 2015 साली 'डेइस' नावाच्या कंपनीत तयार झाले. लेकीचे रोजचे काम याच्याशी आहे, आणि आमचा आजचा विषयही हाच: हेल्ममध्ये वस्तू शोधायची कशी, आणि सापडली म्हणजे काय झाले?

हेल्ममध्ये जे गाठोडे मिळते त्याला 'चार्ट' म्हणतात, समुद्राच्या नकाशासारखा. "म्हणजे त्या चार्टमध्ये प्रोग्राम असतो का गं?" आम्ही विचारले.

"नाही, आई. तिथेच सगळ्यांचा घोटाळा होतो," लेक म्हणाली. "चार्ट म्हणजे कृती. तुझ्या वहीतली हलव्याची कृती असते ना, तशी. त्यात हलवा नसतो. काय काय घ्यायचं, किती घ्यायचं, कुठून आणायचं, ते लिहिलेलं असतं."

हे आम्हाला लगेच पटले. आमच्याकडे सासूबाईंच्या हाताची एक वही आहे. रोश हशानाला आपल्याकडे होणाऱ्या चिकाच्या हलव्याची कृती तिच्यात आहे. नारळाचे दूध, साखर, वेलची, वर लावायला बदाम-पिस्ते. साखरेपुढे लिहिले आहे, "आपल्या आवडीप्रमाणे." हेल्मच्या चार्टमध्येही अशी एक फाइल असते. कृती तीच ठेवून ज्याने त्याने आपल्या आवडीचे आकडे तिथे भरायचे. आणि सासूबाईंच्या वहीत चिकापुढे लिहिले आहे, "चीक शेजारच्या काकूंकडून आणणे." चार्टमध्येही नेमके हेच असते. प्रोग्रामची भरलेली पेटी अमुक भांडारातून आणणे, एवढेच लिहिलेले. पेटी स्वतः तिथे नसते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता शोध. लेक काळ्या खिडकीत शब्द टाइप करते. या खिडकीलाही 'टर्मिनल' म्हणतात. चित्रे नाहीत, बटणे नाहीत. हुकूम लिहायचा, उत्तर वाचायचे. हे शब्द इंग्रजी अक्षरांत टाकायचे असतात, आम्ही ते इथे आपल्या लिपीत लिहितो.

पहिला हुकूम: 'हेल्म सर्च हब', आणि पुढे जे हवे त्याचे नाव. हा शोध 'आर्टिफॅक्ट हब' नावाच्या जगभरच्या मोठ्या यादीत होतो. 2020 साली या यादीने जुन्या 'हेल्म हब'ची जागा घेतली. दुसरा हुकूम: 'हेल्म सर्च रेपो'. हा शोध फक्त त्या भांडारांत होतो, जी आपण स्वतः आपल्या मशीनला जोडून घेतली आहेत. आधी 'हेल्म रेपो अॅड' लिहून भांडाराचे नाव आणि पत्ता द्यायचा, मग शोध. पूर्वी 'हेल्म सर्च' असा एकच हुकूम होता आणि तो जोडलेल्या भांडारांतच बघायचा. 2019 सालच्या नोव्हेंबरात हेल्मची तिसरी आवृत्ती आली, तेव्हापासून हे दोन वेगळे झाले.

ग्रंथालयवालीला हे समजायला वेळ लागला नाही. गावोगावच्या सगळ्या ग्रंथालयांची एकत्र यादी असते ती एक, आणि आपल्या ग्रंथालयाच्या कार्डांचा खण तो दुसरा. एकत्र यादीत पुस्तक दिसले म्हणजे ते आपल्या कपाटात आहे असे नाही. आणि आपल्या खणात कार्ड नाही म्हणजे जगात ते पुस्तकच नाही, असेही नाही. दोन्ही शोध खरे, पण दोघांचा प्रश्न वेगळा. एक विचारतो, "जगात कुठे आहे?" दुसरा विचारतो, "माझ्या ओळखीच्यांत कुणाकडे आहे?"

खणाच्या बाबतीत आणखी एक बारकावा. 'सर्च रेपो' इंटरनेटवर जातच नाही. भांडाराच्या यादीची जी प्रत आपल्या मशीनवर उतरवलेली असते, ती वाचते. प्रत जुनी असेल तर उत्तरही जुनेच. म्हणून अधूनमधून 'हेल्म रेपो अपडेट' म्हणायचे, की यादी ताजी होते. ग्रंथालयात नवी पुस्तके कपाटात येऊन पडली आणि कार्डेच लिहिली नाहीत, तर वाचकाला काय सापडणार?

त्या संध्याकाळी लेकीने 'पोस्टग्रेसक्यूएल' नावाच्या नोंदवहीचा शोध घेतला. ही कॉम्प्युटरची नोंदवही, तिला डेटाबेस म्हणतात. 'सर्च हब'वर पानभर यादी आली. त्याच नावाचे किती तरी चार्ट!

"अगं, एकच नाव इतक्या वेळा?"

"बाबा, आपल्या लोकांत नुसतं 'सॅम्युएल' म्हणून हाक मारली तर किती जण वळून बघतील?"

हसू आले, पण मुद्दा पक्का होता. आपल्या लोकांनी ही अडचण फार पूर्वी सोडवली आहे. किहीमचे ते किहीमकर, नवगावचे ते नवगावकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. नाव बायबलातले, आडनाव कोकणातल्या गावाचे. दोन्ही मिळून माणूस कळतो. हेल्ममध्येही 'सर्च रेपो'च्या उत्तरात प्रत्येक चार्टचे नाव असेच येते. आधी भांडाराचे नाव, मग एक तिरपी रेघ, मग चार्टचे नाव. आधी गाव, मग माणूस, एवढाच फरक. नुसत्या नावावर विसंबायचे नाही, गाव विचारायचे.

उत्तरात दोन आकडे शेजारी शेजारी येतात. एक चार्टच्या आवृत्तीचा आणि एक आतल्या प्रोग्रामच्या आवृत्तीचा. नवशिका माणूस यात हमखास गोंधळतो. एक आकडा सांगतो कृती कितव्यांदा सुधारून लिहिली, दुसरा सांगतो चीक कोणत्या सालच्या गव्हाचा. वही नवी असून गहू जुना असू शकतो. साधा शोध फक्त सर्वांत अलीकडची पक्की आवृत्ती दाखवतो. जुन्या सगळ्या हव्या असतील तर पुढे दोन रेघा देऊन 'व्हर्जन्स' लिहायचे. अजून कच्च्या असलेल्या, चाचणीतल्या आवृत्त्या बघायच्या असतील तर 'डेव्हेल'. हे न सांगता ती त्या दाखवत नाही, आणि हे बरेच आहे. अर्धा शिजलेला हलवा पाहुण्यांपुढे कोण ठेवतो?

काही चार्ट तर 'सर्च रेपो'ला दिसतच नाहीत. 2022 सालच्या जानेवारीत आलेल्या 3.8 या आवृत्तीपासून, कंटेनरच्या पेट्या ठेवतात त्याच प्रकारच्या गोदामात चार्ट ठेवण्याची सोय पक्की झाली. सोय चांगली, पण त्या गोदामाची यादी 'सर्च रेपो' वाचू शकत नाही. पूर्ण पत्ता आधीच माहीत असावा लागतो. आमच्या मनात आले, आपल्यातही अशी कितीतरी घरे आहेत. कुठल्या यादीत नाहीत, पण पत्ता ठाऊक असला तर दार उघडते.

मग जगाच्या त्या मोठ्या यादीतले नाव भरवशाचे आहे की नाही, हे कसे ओळखायचे? आर्टिफॅक्ट हबवर काही नावांपुढे खुणा असतात. एक खूण सांगते की भांडार ज्याच्या नावावर दिसते, त्याचाच त्यावर खरोखर ताबा आहे. दुसरी सांगते की चार्ट ज्या प्रोग्रामसाठी आहे, तो प्रोग्राम बनवणाऱ्यांचाच हा चार्ट आहे. पण खूण म्हणजे मालाची हमी नव्हे. पेटीवरचे सील शाबूत आहे, इतकाच त्याचा अर्थ. आतला माल चांगला की वाईट, हे सील सांगत नाही.

इथे गोदीतल्या माणसाला एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' या बोटीचा स्फोट झाला. बोटीत कापसाच्या गासड्या होत्या, आणि त्याच बोटीत सुमारे 1400 टन दारूगोळा होता. कापसाने पेट घेतला आणि पुढे जे झाले त्यात शेकडो माणसे गेली, गोदी आणि आसपासची वस्ती उद्ध्वस्त झाली. आपल्यातले वयस्कर लोक अजून आई-वडिलांनी सांगितलेल्या त्या आवाजाबद्दल बोलतात. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा जुन्या लोकांनी पहिल्याच दिवशी हे सांगितले होते: आत काय आहे आणि कशाशेजारी काय ठेवले आहे, हे ज्याला माहीत नाही त्याने कागदावर सही करू नये. कॉम्प्युटरच्या पेटीने गोदी उडत नाही, हे खरे. पण चोराने मुद्दाम काही भरून ठेवलेली पेटी विश्वासाने आत घेतली, तर ऑफिसची सगळी गुपिते बाहेर जाऊ शकतात. म्हणून सही करण्यापूर्वी वाचायचे. त्यासाठीही हुकूम आहे, 'हेल्म शो'. चार्ट न बसवता आधी त्याचे माहितीपत्रक आणि त्यातले आकडे वाचता येतात.

एवढे सगळे कशासाठी, असे कुणी विचारील. लेकीचे ऑफिस मालवाहतुकीचे आहे. बंदरातल्या काही पेट्या शीतपेट्या असतात. कशात मासळी, कशात औषधे. त्यांचे तापमान ठरावीक वेळाने नोंदले जाते. ती नोंदवही कॉम्प्युटरवर, कंटेनरमध्ये चालते. नोंदवही बंद पडली तर यार्डातली पेटी लगेच तापत नाही. पण कोणती पेटी किती वेळ तापली हे कुणालाच सांगता येत नाही, आणि मग ते औषध पुढे द्यावे की टाकून द्यावे, हा प्रश्न सुटत नाही. पलीकडच्या काठावर ते औषध एखाद्या मुलासाठी असते. लेक रात्री उठून फोन बघते तो यासाठी.

2020 आणि 2025 या दोन वर्षांनी हेल्म वापरणाऱ्या सगळ्यांनाच एक धडा दिला. पूर्वी हेल्मचे 'स्टेबल' नावाचे एक मोठे मध्यवर्ती भांडार होते. पुष्कळ लोक तेच वापरत. 13 नोव्हेंबर 2020 रोजी त्याची देखभाल थांबली. चार्ट ठेवून दिले, पण नवी दुरुस्ती बंद. 'स्टेबल' म्हणजे स्थिर, पण नावाने थोडेच काही टिकते? मग अनेकांनी 'बिटनामी' या भांडाराकडे मोर्चा वळवला. 2025 साली त्यांनी फुकट देण्याच्या पेट्यांची व्यवस्था बदलली. जुन्या आवृत्त्यांच्या पेट्या 'लेगसी' नावाच्या वेगळ्या ठिकाणी हलवल्या, आणि तिथे पुढे दुरुस्ती येणार नाही असे आधी कळवून केले. यात कुणाला दोष देता येत नाही. फुकट दिलेली वस्तू जन्मभर द्यावी असा करार कुणी केला नव्हता.

पण मजा पाहा. अशा वेळी शोध घेतला तर चार्ट सापडतो. नाव बरोबर, आकडे बरोबर, कृती पूर्ण. चार्ट उतरवूनही घेता येतो. बसवायला गेले की सुपरवायझर पेटी आणायला जुन्या पत्त्यावर जातो, पेटी तिथे नसते, तो परत येतो, पुन्हा जातो. पडद्यावर 'इमेज पुल बॅकऑफ' असे शब्द येतात. शेजारच्या काकू घर सोडून गेल्या आणि आपण रिकामी वाटी घेऊन दारात उभे, तशी गत.

लेकीने त्या उन्हाळ्यात, मुदत यायच्या आधीच, एक वही केली. कॉम्प्युटरवर नव्हे, कागदाची, आमच्या आग्रहावरून. ऑफिसात चालणाऱ्या प्रत्येक चार्टसाठी एक पान. पानावर पाच प्रश्न. याचे गाव कोणते, म्हणजे भांडार कुठले? हे कोणी बांधले? दोन्ही आकडे काय? आतली पेटी नक्की कुठून येते? आणि यावर शेवटचा हात कधी फिरला? मग चाचणीच्या मशीनवर एकेक बसवून बघितले. जे चार्ट महत्त्वाचे, ते 'हेल्म पुल' म्हणून उतरवले आणि त्यांच्या पेट्याही आणून ऑफिसच्या स्वतःच्या गोदामात ठेवल्या. जिथे पेटीला पुढे दुरुस्ती मिळणार नव्हती, तिथे प्रोग्राम बनवणाऱ्यांचीच पेटी शोधून बदल केला. चार आठवडे लागले. रोज रात्री जेवताना आम्ही विचारायचो, "आज किती पानं?" नातवाला हा खेळच वाटला. तो घरातल्या बरण्यांवर चिठ्ठ्या लावू लागला: "मीठ. गाव: दुकान. तारीख: आई जाणे."

ती वही पाहता पाहता आम्हाला आपली वही आठवली. हलव्याची. कृती आमच्याकडे आहे. आपल्यातल्या पुष्कळ घरांत आहे, छापूनही आली आहे. शोधली तर कुणालाही सापडेल. पण चीक कसा काढायचा? गहू किती दिवस भिजवायचे, पाणी कधी बदलायचे, वाटून गाळल्यावर किती वेळ निवळू द्यायचे, बोटाला कसा लागला म्हणजे झाला? हे वहीत नाही, कारण सासूबाईंना लिहायची गरजच वाटली नाही. काकू शेजारीच होत्या! आता काकू नाहीत, सासूबाईही नाहीत. आज बऱ्याच घरांत चायना ग्रास घालून हलवा होतो. तोही गोडच लागतो, आमची तक्रार नाही. पण ज्याला चिकाचाच हवा असेल, त्याच्या हाती कृती आहे आणि पेटी नाही.

आपल्या पुष्कळ गोष्टींचे असेच आहे. फोटो आहे, मागे नाव नाही. नाव आहे, पण तो कुणाचा कोण हे माहीत असलेली व्यक्ती आता ऐंशीच्या घरात आहे. गाण्याचे शब्द उतरवून ठेवले आहेत, पण चाल एकाच मावशींना येते. यादीत सगळे सापडते, आणि सापडले म्हणून आपण निर्धास्त होतो.

म्हणून मुलांनो, तुम्हाला एक काम. सुट्टीच्या दिवशी आजी-आजोबांजवळ अर्धा तास बसा. एकच वस्तू निवडा. एक पदार्थ, एक फोटो, एक गाणे, काहीही. आणि ते पाच प्रश्न विचारा. याचं गाव कोणतं? हे कोणी केलं? किती जुनं? यातली मुख्य वस्तू कुठून आणायची, किंवा कशी करायची? आणि शेवटचं कधी केलं होतं? मराठीत लिहिता आले तर उत्तमच, नाही तर हिब्रूत, इंग्रजीत, कशातही लिहा. चालीचे गाणे असेल तर फोनवर आवाज भरून ठेवा. आणि एक प्रत आपल्या घरी, एक दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवा. एकाच भांडारावर भिस्त नको.

आजी-आजोबांनो, तुम्हालाही विनंती. "ते सगळ्यांना माहीत आहे" असे म्हणून सोडून देऊ नका. सगळ्यांना माहीत असलेलेच आधी हरवते. चीक कसा काढतात हे ज्या कुणाला नीट येत असेल, त्यांनी अंकाच्या पत्त्यावर चार ओळी जरूर पाठवाव्यात. गहू भिजवण्यापासून लिहावे, काहीही गृहीत धरू नये. रोश हशानाच्या आधी मिळाल्या तर इथे सलालाहला आम्ही करून बघू. नारळ इथे मुबलक आहेत.

सर्वांना उदंड आयुष्य लाभो. आमचा नमस्कार आणि शालोम.